साहेबांकडे जाणारी एक पानी टिपणी एआयकडून : प्रॉम्प्टचा साचा कसा बांधावा? (एका ऑनलाइन मंचावरची चर्चा, प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

रबाळे नाका

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईच्या महापे-तुर्भ्यापर्यंतच्या मध्यम कंपन्यांत आता बऱ्याच टिपण्या एआयच्या हाताखालून जातात. भाषा सफाईदार असते, तरी वाचून झाल्यावर एमडी विचारतात, "मग करायचं काय?" हा धागा त्या एका प्रश्नासाठी.

"या माहितीवरून एमडींसाठी नोट लिही" एवढाच प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, दिला की काय येतं ते सगळ्यांना पाठ आहे. वर लांबलचक पार्श्वभूमी, मध्ये दोन्ही पर्यायांचे समसमान फायदे-तोटे, तळाशी "सर्व बाबींचा सखोल विचार करून निर्णय घ्यावा". वाचणारा कोण, त्याला आधीच काय माहीत आहे, ठरवायचं नेमकं काय आणि कधीपर्यंत, यातलं काहीच मॉडेलला, म्हणजे एआयला, सांगितलेलं नसतं. मग ते कुणालाही चालेल असं सरासरी उत्तर देतं.

मी वापरतो तो साचा खाली देतो. उदाहरण काल्पनिक आहे. रबाळे एमआयडीसीतलं एक मशीनिंग युनिट, प्रश्न दुसरं व्हीएमसी (धातूचे भाग कापणारं संगणक-नियंत्रित मशीन) घ्यायचं की जादा काम बाहेर जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्या कारखान्याकडे मजुरीवर, द्यायचं हा.

> वाचणार : एमडी. मशीनिंग त्यांना समजावू नकोस. त्यांच्याकडे दोन मिनिटं आहेत.
> निर्णय : दुसरं व्हीएमसी आत्ता घ्यायचं की नाही. १५ तारखेच्या आत हवा, त्या दिवशी कोटेशनची मुदत संपते.
> आकडे : मशीन ४८ लाख, जीएसटी वगळून. जॉबवर्क ताशी ७८० रुपये. आपल्याकडे चालू खर्च ताशी ४१० रुपये (ऑपरेटर, वीज, टूलिंग, देखभाल. घसारा आणि व्याज धरलेलं नाही). जादा काम महिन्याला सरासरी ३२० तास, गेल्या सहा महिन्यांत किमान २२०, कमाल ३९०.
> नियम : ३६ महिन्यांत पैसे वसूल व्हायला हवेत.
> माहीत नाही : मोठ्या ग्राहकाची पुढच्या वर्षाची ऑर्डर.
> रूप : पहिल्या वाक्यात शिफारस. मग तिची दोन-तीन कारणं आकड्यांसह. मग कशाने मत बदलेल. शेवटी एमडींकडून काय हवं. १५० शब्द.
> मनाई : वर न दिलेला एकही आकडा घालू नकोस. लागलाच तर तिथे "आकडा हवा" असं लिही.

यातली "निर्णय" ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती एका वाक्यात लिहिता येत नसेल तर अडचण प्रॉम्प्टची नाही, अजून प्रश्नच ठरलेला नाही. "माहीत नाही" ही ओळ लोक गाळतात. ती नसली की मॉडेल पोकळी गोड वाक्यांनी भरून काढतं.

यात काय कमी आहे ते सांगा.

तलावपाळी

साचा चांगला आहे, पण सगळं काम एका दमात सांगितलंय. माझ्या मते चार फेऱ्या लागतात.

पहिली फेरी फक्त प्रश्नांची. साच्याच्या खाली लिहायचं : "अजून टिपणी लिहू नकोस. ज्यांच्या उत्तराने शिफारस उलटू शकते असेच प्रश्न विचार, जास्तीत जास्त पाच. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर काय आलं तर काय बदलेल ते लिही." हे शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर "बाजारातील स्पर्धा कशी आहे?" असले प्रश्न येतात, ज्यांच्या उत्तराने काहीच हलत नाही.

दुसरी फेरी हिशोबाची, तिसरी लिखाणाची, चौथी विरोधाची. चौथी नेहमी नव्या चॅटमध्ये करा. एकाच चॅटमध्ये आधी शिफारस लिहून घेतली आणि मग "यात चूक काय?" विचारलं तर मॉडेल किरकोळ दुरुस्त्या सुचवतं आणि मूळ मताला धरून राहतं. उलट तुम्ही जरा नाराजी दाखवली तर लगेच माघार घेतं. दोन्हीचं मूळ एकच, समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्याकडे त्याचा कल असतो. म्हणून ही टिपणी कुणाची हे सांगायचंच नाही. "खालची टिपणी माझ्याकडे मंजुरीला आली आहे. ती नामंजूर करण्याचं सर्वांत भक्कम कारण शोध" असं विचारा.

पाम बीच

दुसऱ्या फेरीबद्दल : हिशोब मॉडेलकडून तोंडी करून घेऊ नका. एक्सेलमध्ये करा, किंवा ज्या टूलमध्ये ते कोड चालवून गणित करतं तिथे करा आणि सूत्र डोळ्यांखालून घाला. साधी मॉडेलं गुणाकार-भागाकार शब्दांसारखेच "लिहितात", त्यामुळे चुकलेला आकडाही तेवढ्याच ठामपणे येतो.

वरच्या उदाहरणाचा हिशोब असा :

तासामागे बचत ७८० − ४१० = ३७० रुपये.
३२० तासांना महिन्याची बचत १,१८,४०० रुपये, म्हणजे ४८ लाख वसूल व्हायला साधारण साडेचाळीस महिने.
२२० तासांना ८१,४०० रुपये, ५९ महिने.
३९० तासांना १,४४,३०० रुपये, जेमतेम ३३ महिने.
३६ महिन्यांत बसवायचं तर महिन्याला ३६१ तास लागतात.

टिपणीचा सगळा भार या ३६१ वर आहे. एमडींना तीन ओळींचा तक्ता नको असतो, हा एक आकडा हवा असतो. म्हणून साच्याच्या "रूप" या ओळीत भर घाला : "शिफारस कोणत्या आकड्याला उलटते तो आकडा सांग."

दोन नेहमीच्या चुका. एक, लाख-कोटी. ३.२ कोटी म्हणजे ३२ दशलक्ष, पण मॉडेल भाषांतर करताना एखादं शून्य खातं किंवा वाढवतं. "सगळे आकडे लाखांतच लिही, दशलक्ष वापरू नकोस" असं आधीच बजावा. दोन, तिमाही. आपली पहिली तिमाही एप्रिल ते जून. सांगितलं नाही तर मॉडेल जानेवारी ते मार्च धरून चालतं आणि वाढीची टक्केवारी चुकीच्या महिन्यांशी ताडून देतं. वाक्य वाचताना ही चूक कळत नाही, म्हणून ती जास्त घातक.

वागळे रोड १६

"तू ३० वर्षांचा अनुभव असलेला सीईओ आहेस" हे वाक्य प्रत्येक व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये असतं. त्याने बाज बदलतो, अक्कल येत नाही. उपयोग होतो तो वाचणारा कोण हे सांगितल्याने, आणि ते रबाळे नाक्यांच्या साच्यात आहेच.

त्यापेक्षा नमुने द्या. साहेबांनी पूर्वी एका वाचनात मंजूर केलेल्या दोन टिपण्या आणि शेरे मारून परत पाठवलेली एक, तीही शेऱ्यांसकट. शैलीबद्दलच्या दहा सूचनांनी होत नाही ते या तीन कागदांनी होतं. उदाहरणं दाखवून काम करून घ्यायची ही पद्धत २०२० मध्ये जीपीटी-३ या भाषा मॉडेलच्या शोधनिबंधाने ठळकपणे पुढे आणली आणि आजही टिकून आहे. फक्त तिन्ही नमुने एकाच विषयाचे देऊ नका. तिन्ही खरेदीच्या टिपण्या असतील तर माणसं नेमण्याच्या टिपणीतही "तीन कोटेशन मागवली" असं काहीतरी उमटतं. आणि नमुन्यातले आकडे खोडून तिथे फुल्या घाला, नाहीतर जुना आकडा नव्या टिपणीत उतरतो.

"पायरी-पायरीने विचार कर" या वाक्याचं महत्त्व २०२२ च्या सुमारास होतं, तेव्हा त्याने उत्तरं खरोखर सुधारत. आताची विचार करून उत्तर देणारी मॉडेलं ते आपणहून करतात. तिथे पायऱ्या लादण्यापेक्षा चांगलं उत्तर कसं ओळखायचं ते सांगितलेलं बरं.

कोपरी पूल

निर्णयाच्या बाजूने थोडं.

गुणांकांचे तक्ते जपून. "खर्च ३०%, गुणवत्ता २५%, वेळ २५%, जोखीम २०%" असा तक्ता एआय दहा सेकंदांत देतं आणि तो फार शास्त्रीय दिसतो. ते भार आले कुठून? कुठूनच नाही. दुसऱ्यांदा विचारा, वेगळे येतील. भार माणसांनी ठरवायचे, तेही पर्यायांना गुण देण्याआधी, आणि लिहून ठेवायचे. एआयला काम एवढंच द्यायचं : "प्रत्येक भार दहा टक्क्यांनी वर-खाली करून बघ आणि पहिला क्रमांक कधी बदलतो ते सांग." बदलतच नसेल तर त्या तक्त्यावर तासभर मीटिंग घ्यायची गरज नाही. लगेच बदलत असेल तर दोन्ही पर्याय जवळपास सारखे आहेत, हेच खरं उत्तर.

दुसरं, फिरवता येणारे आणि न येणारे निर्णय वेगळे करा. जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनच्या भागधारकांना २०१५ सालासाठी लिहिलेल्या पत्रात दारांची उपमा आहे : काही दारांतून परत येता येतं, काहींतून नाही. जॉबवर्क देणं हे परतीचं दार. मशीन घेणं, भूखंड घेणं, माणसं कमी करणं ही तशी नाहीत. परतीच्या दारासाठी चार फेऱ्यांचा घाट घालू नका, पाच ओळींची मेल पुरे.

परतीचं नसेल तर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांचं प्रीमॉर्टेम. ही पद्धत त्यांनी २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडली. "काय चुकू शकेल?" असं न विचारता "हे फसलंच आहे, का फसलं ते सांगा" असं विचारायचं. प्रॉम्प्ट : "आज दीड वर्ष पुढे आहोत. मशीन घेतलं आणि निर्णय सपशेल चुकला. सहा वेगवेगळी कारणं लिही. प्रत्येकाची आज दिसू शकणारी पहिली खूण कोणती, ती कोणाच्या रजिस्टरमध्ये दिसेल ते सांग." आधी शॉपफ्लोअरच्या माणसांकडून त्यांची कारणं कागदावर घ्या, मग एआयची बघा. क्रम उलटा केला तर माणसं एआयचीच यादी दुसऱ्या शब्दांत सांगतात.

रबाळे नाका

कोपरी पूल, हे प्रीमॉर्टेम वरच्या उदाहरणावर चालवलं. सहापैकी चार कारणं सर्वसाधारण होती. एक मात्र नेमकं लागलं : "मशीन तेवढे तास चाललंच नाही."

दोन शिफ्ट, २६ दिवस, १६ तास म्हणजे महिन्याला ४१६ तास. सेटिंग, टूल बदल, देखभाल धरून ८५ टक्के वापर म्हणजे ३५४ तास. आणि वसुलीला हवेत ३६१! म्हणजे दोन शिफ्टमध्ये मशीन पूर्ण भरलं तरी नियमात बसत नाही. ऑर्डर येते की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. साच्यात "क्षमता" ही ओळच नव्हती, म्हणून तीन फेऱ्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाम बीच

फार चांगलं सापडलं. मग प्रश्नच उलटा करा. कोणत्या किमतीला मशीन घ्यावं? आजच्या ३२० तासांवर ३६ महिन्यांची बचत ४२,६२,४०० रुपये. ३५४ तासांवर ४७,१५,२८० रुपये. ४८ लाख दोन्हींच्या वर. तिसरी शिफ्ट धरायची तर ४१० चा दर बदलेल, रात्रपाळीचा भत्ता आणि सुपरवायझर त्यात येतील. जुना दर तसाच पुढे ओढू नका.

आता एमडींसमोर "घ्यायचं की नाही" याच्या जागी "खरेदी विभागाने किती खाली आणायचं" हा प्रश्न आहे.

सानपाडा पूर्व

कंपनी सेक्रेटरीच्या खुर्चीतून काही गोष्टी, विशेषतः शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी.

निकाल, अधिग्रहण, मोठी ऑर्डर अशी जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नका. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर व्यवहार) नियमांनुसार अशी माहिती रास्त कामापुरतीच कुणाला देता येते, आणि कुणाला दिली त्याची डिजिटल नोंद कंपनीने ठेवायची असते. कंपनीने करार करून घेतलेलं टूल असेल तरी "आमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जात नाही" हे करारात आहे का ते आयटीकडून लेखी घ्या. कर्मचाऱ्यांची नावं, पगार, आजारपण यांच्या जागी कर्मचारी-क, कर्मचारी-ख असं लिहा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा डोळ्यांसमोर ठेवा.

बोर्डाची अजेंडा नोट ही साहेबांच्या टिपणीपेक्षा वेगळी चीज. संचालक मंडळाच्या सभांसाठीच्या सचिवीय मानक एसएस-१ प्रमाणे अजेंडा आणि त्यावरच्या टिपा सभेच्या किमान ७ दिवस आधी जातात. तिथे "रूप" मध्ये प्रस्ताव, कारण, आर्थिक परिणाम, कुणा संचालकाचा हितसंबंध आहे का, आणि ठरावाचा मसुदा हे पाचही हवेत. हितसंबंधाची ओळ मॉडेल सहसा आपणहून घालत नाही.

मिनिट्ससाठी (सभेच्या इतिवृत्तासाठी) रेकॉर्डिंगवरून सारांश काढून घेता येतो, पण सूचना कडक द्या : "चर्चा आणि निर्णय वेगळे ठेव. जे ठरलं असं स्पष्ट बोललं गेलं नाही ते निर्णयात घालू नकोस." मॉडेलला शेवट गुंडाळायची घाई असते. "बघू या" याचं ते "तत्त्वतः मान्यता देण्यात आली" करून टाकतं. मिनिट्सचा मसुदा १५ दिवसांत संचालकांकडे जातो, तेव्हा हे कुणीतरी पकडतंच, पण तोवर सारांश खाली फिरलेला असतो. आणि कायद्याचं कलम एआयने दिलं की मूळ कायदा उघडून बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

उरण फाटा

लांब कागदपत्रांबद्दल. ८० पानांचा करार टाकून "मुख्य जोखमी सांग" विचारलं तर सुरुवातीचं आणि शेवटचं नीट येतं, मधलं निसटतं. मॉडेल मधल्या मजकुराकडे कमी लक्ष देतात हे २०२३ मध्ये संशोधकांनी मोजून दाखवलंय. नव्या मॉडेलांत हे कमी झालंय, तरी त्यावर विसंबू नये.

उपाय : कागदपत्र वर, प्रश्न सगळ्यात खाली. प्रत्येक कागदाला खुणेने वेगळं करा, "करार सुरू", "करार समाप्त" असं. आधी फक्त उतारे मागवा : "दंड, मुदत, रद्द करण्याचा हक्क यांच्याशी संबंधित वाक्यं जशीच्या तशी, कलम क्रमांकासह काढ. मत देऊ नकोस." ती वाक्यं पीडीएफमध्ये शोधून ताडा. सापडलं नाही ते वाक्य बाद. मग उरलेल्या उताऱ्यांवरच टिपणी लिहून घ्या.

ऐरोली खाडी

ग्राहकाला वाईट बातमी द्यायची असते तेव्हाचा साचा कुणी दिला नाही, म्हणून लिहितो. न्हावाशेव्याला कंटेनर चुकला, डिस्पॅच दहा दिवस पुढे गेला, असा प्रसंग धरा. क्रम : काय झालं एका वाक्यात, नवी तारीख, ती कशावर अवलंबून आहे, आपण काय करतोय, ग्राहकाकडून काय हवं, पुढची खबर कधी देऊ. मॉडेल पहिल्या तीन ओळी माफीत घालवतं आणि तारीख पाचव्या ओळीत येते.

इथे मनाईची ओळ फार जपून लिहायची. "आमच्या निष्काळजीपणामुळे" असं काहीतरी ते सौजन्य म्हणून लिहितं आणि करारात उशिराच्या दंडाचं कलम असेल तर ते वाक्य आपल्याच अंगावर येतं. म्हणून : "घटना सांग, जबाबदारीबद्दल काही म्हणू नकोस, अपरिहार्य परिस्थिती हा शब्दही वापरू नकोस." त्या शब्दाला करारात कायदेशीर अर्थ असतो, तो वापरायचा की नाही हे वकील ठरवतील.

मराठीबद्दल एक. एमआयडीसी, महापालिका, महावितरण यांना जाणारी पत्रं एआयकडून थेट मराठीत लिहून घेतली तर मजकूर पोकळ होतो : "हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की", "आम्ही आपल्या निदर्शनास आणू इच्छितो". त्याला जुन्या मंजूर पत्राचा नमुना द्या आणि सांगा, प्रति, विषय, संदर्भ, महोदय, मागणी पहिल्या परिच्छेदात, जोडपत्रांची यादी शेवटी. भूखंड क्रमांक, ग्राहक क्रमांक, मंजूर भार हे स्वतःच्या हाताने टाका. अंक मराठीत बदलताना ते कधी कधी चुकतं, आणि एक अंक चुकला की पत्र दुसऱ्याच फायलीला लागतं.

तलावपाळी

रबाळे नाका, अंतिम टिपणी टाका ना इथे. आणि साच्यात काय बदललं तेही.

रबाळे नाका

साच्यात तीन बदल केले. "क्षमता" ही ओळ आली, "शिफारस कोणत्या आकड्याला उलटते" हे आलं, आणि नमुना म्हणून दोन जुन्या टिपण्या जोडल्या. टिपणी अशी निघाली. दोन वाक्यं मी हाताने छाटली, बाकी तशीच :

> विषय : दुसरं व्हीएमसी
>
> ४८ लाखांना मशीन घेऊ नये. ४२.६ लाखांपर्यंत भाव आला तर आजच घ्यावं.
>
> सध्याच्या ३२० तासांवर वसुलीला साडेचाळीस महिने लागतात, आपला नियम ३६ चा आहे. ४८ लाखांना नियमात बसायला महिन्याला ३६१ तास हवेत. दोन शिफ्टमध्ये ८५ टक्के वापराने मशीन ३५४ तासच देतं, म्हणजे काम वाढलं तरी या भावाला ते बसत नाही.
>
> मत कशाने बदलेल : जॉबवर्कचा दर आजच्या ३२० तासांवर ताशी ८२७ पर्यंत गेला, किंवा तिसऱ्या शिफ्टचा खर्च काढल्यावर ताशी बचत टिकली तर. तिसऱ्या शिफ्टचा दर : आकडा हवा.
>
> तोवर जादा काम जॉबवर्कलाच. सहा महिन्यांनी फेरविचार, त्याआधी सलग तीन महिने ३५० तासांच्या वर गेले तर लगेच.
>
> आपल्याकडून हवं : खरेदी विभागाला ४२.६ लाखांच्या मर्यादेने बोलणी करायची परवानगी, १२ तारखेपर्यंत.

वागळे रोड १६

"आकडा हवा" तसंच ठेवलंत हे बरं केलंत. तिथे एचआरचं नाव आणि तारीख टाका, नाहीतर तो आकडा कुणीच आणणार नाही. फायलीला टिपणीबरोबर एक्सेल आणि चौथ्या फेरीचं विरोधी उत्तर दोन्ही जोडा. सहा महिन्यांनी फेरविचार करणारा माणूस वेगळा असू शकतो.